पोरांच्या हातातला मोबाईल: जरा दुसरी बाजूही बघूया



जेटीवर असो की मासळी बाजारात, एक तक्रार रोज कानावर येते: "पोरं सारखी मोबाईलात तोंड घालून बसलेली असतात." तक्रार खोटी नाही. पण आपल्याच घरांत नीट पाहिलं तर याच मोबाईलवर आठवी ते बारावीतली आपली मुलं बरंच चांगलंही शिकताहेत. आज त्याबद्दल बोलूया.

पहिली गोष्ट, खरं-खोटं पारखणं. वारा सुटला की व्हॉट्सॲपवर जुन्या वादळांचे व्हिडिओ आजचे म्हणून फिरतात. अशा वेळी पोराला सांगा, "तारीख बघ, हवामान खात्याच्या पानावर हे आहे का ते बघ." दोन-चार वेळा असं केलं की आलेला मेसेज तपासल्याशिवाय पुढे पाठवायचा नाही, ही सवय त्याला लागते. ती जन्मभर कामाला येते.

दुसरी गोष्ट, आपल्या धंद्याची ओळख. हैदराबादची इन्कॉईस ही केंद्र सरकारची संस्था मासळी कुठे मिळण्याची शक्यता आहे, याचा सल्ला देते. उपग्रहावरून समुद्राच्या वरच्या पाण्याचं तापमान आणि त्यातल्या बारीक हिरव्या वनस्पतींचं प्रमाण कळतं. जिथे गार आणि कोमट पाणी एकमेकांना भिडतं, तिथे हे खाद्य जास्त असतं. ते खायला बारीक मासळी येते आणि तिच्या मागे मोठी. आकाश ढगाळ असलं की उपग्रहाला पाणी दिसत नाही, मग सल्लाही मिळत नाही. मुलगी हा नकाशा मोबाईलवर उघडून दाखवते, तेव्हा बाबा सांगतात, "तिथे तळाला खडक आहे, जाळं फाटेल." उपग्रहाला न दिसणारी गोष्ट बाबांना ठाऊक असते, हे तिला त्या दिवशी कळतं. मग ती आणखी विचारते. असं बोलणं आपल्या घरांत शेवटचं कधी झालं होतं, आठवून बघा.

तिसरी गोष्ट, लाज जाते. वर्गात मासळीच्या वासावरून चिडवलं गेलेलं पोर आजोबांचा रापण ओढतानाचा व्हिडिओ टाकतं, आणि चार मित्र विचारतात, "आम्हाला बघायला नेशील?" याचं मोल पैशात होत नाही.

आता सांभाळायचं काय? रात्री झोपताना मोबाईल मोठ्यांकडे. अनोळखी माणसाला फोटो नाही, ओटीपी कुणालाच नाही. ऑनलाइन पैशांची फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करा. कुणी त्रास दिला तर पोराने आधी घरी सांगावं, आणि आपण त्याच्यावरच ओरडू नये. ओरडलो तर पुढच्या वेळी ते सांगणारच नाही. आणि हो, मासळी कुठे लागली ती जागा व्हिडिओत सांगायची नाही, हे तर आपल्या प्रत्येक पोराला ठाऊक हवंच!

१ जून ते ३१ जुलै बंदीचा काळ. होड्या वर असतात, जाळी विणायला-सांधायला काढलेली असतात. यंदा पोराला शेजारी बसवा आणि म्हणा, "माझे हात चालताना व्हिडिओ काढ." जाळ्याची गाठ कशी मारायची ते असं जपून राहील. आणि व्हिडिओ काढता काढता पोर कदाचित स्वतःच दोरा हातात घेईल.

तुमच्या मुलांनी असे व्हिडिओ काढले असतील तर आम्हाला जरूर पाठवा. आम्ही या पानावर टाकू.