कॅमेऱ्यात चोर दिसेल, पण ओळखू येईल का?

घराला कॅमेरे बसवताना आपण मेगापिक्सेल विचारतो, किंमत विचारतो, ॲप बघतो. सेटिंगमधल्या ‘व्हिडिओ एन्कोडिंग’ या ओळीकडे सहसा कुणी फिरकत नाही. खरं तर प्रसंग ओढवल्यावर चेहरा ओळखू येणार की नाही, हे बरंचसं तिथेच ठरतं.

फुल एचडी चित्रण सेकंदाला १५ फ्रेमने, एन्कोडिंगने अजिबात न दाबता (कॉम्प्रेस न करता) साठवलं, तर एकाच कॅमेऱ्याला दिवसाला सुमारे ४ टीबी जागा लागेल. २००३ साली आलेल्या एच.२६४ या एन्कोडिंग पद्धतीने सेकंदाला ४ मेगाबिट धरले, तर तेच काम ४३ जीबीत होतं. तरीही चार कॅमेऱ्यांना १ टीबीची डिस्क जेमतेम सहा दिवस पुरते. २०१३ चं एच.२६५ जवळपास तेवढीच स्पष्टता साधारण निम्म्या जागेत देतं, म्हणजे अकरा दिवस मिळतात.

ही बचत येते कुठून? ठरावीक अंतराने एक पूर्ण चित्र साठवलं जातं, त्याला आय-फ्रेम म्हणतात. मधल्या फ्रेममध्ये फक्त काय बदललं याची नोंद असते. रिकाम्या जिन्यात काहीच बदलत नाही, त्यामुळे फाइल छोटी राहते. माणूस पळत आला की नेमकी तेव्हाच जागा अपुरी पडते. रात्री तर अंधारातले दाणे प्रत्येक फ्रेममध्ये बदलतात आणि कॅमेरा त्यांनाही हालचाल समजून बिट खर्च करतो. डिस्क वाचवायला बिटरेट, म्हणजे सेकंदाला खर्च होणारे बिट, फार खाली आणलेला असेल, तर चेहरा पुसट होतो. तो तपशील पुन्हा कधीच मिळत नाही.

मग सरसकट एच.२६५ घ्यावं का? ते उलगडायला जास्त ताकद लागते. फ्रिगेट किंवा झोनमाइंडरसारखं कॅमेऱ्यांचं सॉफ्टवेअर जुन्या पीसीवर चालवणाऱ्याला हे लगेच जाणवतं. काही ब्राउझरमध्ये ते दिसतच नाही. उलट रास्पबेरी पाय ५ या छोट्या संगणकामध्ये एच.२६५ उलगडणारं हार्डवेअर आहे, एच.२६४ साठी नाही. २०१८ चं एव्ही१ हे एन्कोडिंग रॉयल्टीमुक्त आहे, पण घरगुती कॅमेऱ्यांत अजून क्वचितच मिळतं.

माझ्या मते कॅमेऱ्याचा मुख्य, पूर्ण रिझोल्यूशनचा स्ट्रीम एच.२६५ मध्ये ठेवावा आणि कॅमेऱ्यातून येतो तसाच डिस्कवर उतरवावा, सॉफ्टवेअरला पुन्हा दाबायला लावू नये. थेट पाहणं आणि हालचाल ओळखणं यांसाठी त्याच कॅमेऱ्याचा कमी रिझोल्यूशनचा एच.२६४ सब-स्ट्रीम पुरतो. ‘एच.२६५+’सारखे कंपन्यांचे खास पर्याय बंद ठेवावेत. शांत दृश्यात ते आय-फ्रेममधलं अंतर ताणतात आणि दुसरं सॉफ्टवेअर अडखळतं. आय-फ्रेम एक-दोन सेकंदांनी असावीच.

आणखी एक कळकळीची विनंती. घटना घडली तर मूळ फाइल जपा. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला व्हिडिओ पुन्हा दाबला जातो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबतच्या प्रमाणपत्रात फाइलचं हॅश मूल्य (फाइलच्या आशयावरून काढलेली ओळखखूण) द्यावं लागतं, आणि पुन्हा दाबलेल्या फाइलचं हॅश मूळ फाइलशी जुळत नाही.