आपोआप फाटलेल्या दुधाचे पनीर करावे का?

दूध तापवताना फाटले तर ते आपल्या घरांत सहसा टाकले जात नाही. साखर घालून किंवा पनीर करून ते मुलांना दिले जाते. महागाईत हे साहजिक आहे. पण लिंबू पिळून फाडलेले दूध आणि आपोआप फाटलेले दूध एक नव्हे.

ताज्या दुधात लिंबू पिळतो, तेव्हा आम्ल आपण घालतो. दूध आपोआप फाटते, तेव्हा ते आम्ल बहुधा जीवाणूंनी तयार केलेले असते. अनुकूल उष्णतेत काही जीवाणू २० मिनिटांत दुप्पट होतात, म्हणजे एकाचे ३ तासांत ५१२! वसई-विरारच्या दमट उकाड्यात, पत्र्याच्या घरात त्यांना हवी ती ऊब मिळते.

उकळल्यावर बहुतेक जंतू मरतात, हे खरे. परंतु ‘स्टॅफिलोकॉकस ऑरियस’ या जीवाणूने दुधात सोडलेले विष उकळूनही टिकते. त्याने काही तासांतच उलट्या, पोटात कळा व जुलाब होतात. हा जीवाणू माणसाच्या नाकात, त्वचेवर व गळवात असतो. म्हणून हाताला पिकलेली जखम असणाऱ्याने पनीर दाबू नये.

डेअरीत १० मिली दुधात १ मिली मिथिलीन ब्लूचे द्रावण मिसळून ते ३७ अंश सेल्सिअसला ठेवतात. जीवाणू जितके जास्त, तितका निळा रंग लवकर उडतो. ५ तास टिकला तर दूध फार चांगले, अर्ध्या तासात उडाला तर निकृष्ट.

घरी काय करावे?

- पनीर करण्याआधी दोन चमचे दूध वेगळे उकळा. गुठळ्या झाल्या तर दुधाची आंबट वाढली आहे. त्याचे पनीर करू नका.
- आंबट वास, कडवट चव किंवा तार सुटणे, यांपैकी काहीही आढळले तर दूध टाका.
- दूध आणताच उकळा, लवकर थंड करा, झाका. फ्रिज नसेल तर लागेल तेवढेच आणा.
- पनीर त्याच दिवशी संपवा.

एक सावधगिरी: आंबटपणा लपवण्यासाठी सुट्या दुधात सोडा घातलेला असेल, तर ते उकळूनही फाटणार नाही. शिवाय विषाला वास नसतो. त्यामुळे बराच वेळ बाहेर राहिलेले दूध चाचणीत टिकले, तरी लहान मुले, गरोदर बाई व म्हाताऱ्या माणसांना देऊ नका.

उलट्या-जुलाब सुरू झाले तर ओआरएस द्या आणि लहान बाळाला लगेच दवाखान्यात न्या. वाचवलेल्या लिटरभर दुधापेक्षा औषधपाण्याचा खर्च नेहमीच मोठा असतो.