चॅरिटी बटलरच्या विरोधातला वकील

१८७३ साली जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकन लोकांना. त्या अर्पणपत्रिकेत कुणा एकाचं नाव नाही, आणि ती नावं शोधत बसण्याचा नाद मला बऱ्याच वर्षांपासून आहे. लिंकन सर्वांना ठाऊक. गुलामी संपवणाऱ्या तेराव्या घटनादुरुस्तीसाठी काँग्रेसमध्ये झुंजलेला थॅडियस स्टीव्हन्सही स्पीलबर्गच्या सिनेमामुळे, टॉमी ली जोन्सच्या त्या टोपासकट, आता ओळखीचा झाला आहे. मला मात्र त्याच्या वॉशिंग्टनमधल्या कीर्तीपेक्षा त्याआधीचा स्टीव्हन्स जास्त खुणावतो: गेटिसबर्गचा वकील आणि पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळातला भांडखोर आमदार.

जन्म १७९२, व्हरमाँट. एक पाय जन्मापासून वाकडा, बाप घर सोडून गेलेला, आईने कष्टाने शिकवलेला. १८१६ साली तो गेटिसबर्गला आला आणि पाचेक वर्षांत नावाजला. १८२१ साली त्याच्याकडे असलेला एक खटला पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयात उभा राहिला: बटलर विरुद्ध डेलाप्लेन.

चॅरिटी बटलर ही शेजारच्या मेरिलँडमधली गुलाम स्त्री. मालकाने तिला दुसऱ्या कुटुंबाकडे कामाला दिलं होतं आणि ते लोक पेनसिल्व्हेनियात जाताना तिला सोबत नेत. पेनसिल्व्हेनियाचा १७८० चा कायदा असा, की परराज्यातल्या पाहुण्याने आणलेला गुलाम सहा महिन्यांहून जास्त काळ तिथे ठेवला, तर तो मुक्त. चॅरिटीच्या बाजूचं म्हणणं होतं, की सगळ्या फेऱ्यांचे दिवस मिळवले तर मुदत उलटून गेलेली आहे. म्हणून ती मुक्त, आणि तिच्या दोन्ही मुलीही मुक्त. मालकाच्या वकिलाने सांगितलं, सहा महिने सलग हवेत. न्यायालयाने ते मान्य केलं. चॅरिटी मुलींसह गुलामीतच राहिली. मालकाचा तो वकील म्हणजे थॅडियस स्टीव्हन्स.

इथे चरित्रकारांची तारांबळ उडते. कुणी म्हणतं, तरुण वकील, येईल ते काम घेणारच. कुणी लगेच आख्यायिका पुढे करतं, की कायद्याची पुस्तकं घ्यायला निघालेल्या स्टीव्हन्सने वाटेत विकायला काढलेला एक गुलाम पाहिला आणि जवळचे ३०० डॉलर देऊन त्याला सोडवलं. ही गोष्ट मला जरा जास्तच सोयीची वाटते. लेखी आधार आहे तो १८२३ चा: ४ जुलैच्या मेजवानीत, पुढचा राष्ट्राध्यक्ष कुणाही माणसाच्या पायात बेडी न ठोकलेला असो, अशा अर्थाची शुभेच्छा त्याने जाहीरपणे दिली. निकालानंतर अवघ्या दोन वर्षांनी!

१८३३ साली तो अँटी-मेसॉनिक पक्षाकडून आमदार झाला. मेसन या गुप्त संघटनेच्या मंडळींच्या मागे लागून त्याने बराच वेळ वाया घालवला, ते सोडून देऊ. खरी लढाई १८३५ ची. आदल्या वर्षी संमत झालेला मोफत शाळांचा कायदा रद्द करा, म्हणून अर्जांचे ढीग आले होते. कर भरायला शेतकरी राजी नव्हते, खुद्द स्टीव्हन्सचे मतदारही नव्हते, आणि सीनेटने कायदा रद्द करण्याचं विधेयक मंजूरही केलं होतं. ११ एप्रिलला तो सभागृहात उभा राहिला. ज्याच्या घरात मूल नाही तो शाळेसाठी कर का भरेल, या प्रश्नाला त्याचं उत्तर रोखठोक होतं: कोर्टाची पायरी न चढलेला आणि तुरुंग न पाहिलेला माणूस त्या दोन्हींसाठी कर भरतोच ना? कायदा वाचला. गव्हर्नर जॉर्ज वुल्फ विरोधी पक्षाचा असूनही या प्रश्नावर स्टीव्हन्स त्याच्या बाजूने होता. वुल्फ त्याच वर्षी निवडणूक हरला.

१८३८ साली राज्याच्या नव्या घटनेत मताधिकार फक्त गोऱ्या पुरुषांपुरता ठेवला गेला. ती घडवणाऱ्या परिषदेचा सभासद असूनही स्टीव्हन्सने त्या घटनेवर सही केली नाही. पुढे लँकेस्टरला त्याने पळून आलेल्या गुलामांचे खटले लढवले. गुलाम पकडणाऱ्या टोळ्यांवर त्याने स्वतःचा हेर ठेवला होता, हे त्याच्या १८४७ च्या पत्रावरून दिसतं. ज्या कायद्यातली फट त्याने मालकाला दाखवली होती, तसल्याच कायद्यांतल्या फटी तो आता पळणाऱ्यांसाठी शोधत होता.

या सगळ्याला प्रायश्चित्त म्हणण्याचा मोह होतो. मला ते पटत नाही. प्रायश्चित्त म्हटलं की चॅरिटीचा तोटा त्याच्या मोठेपणाची पहिली पायरी होऊन बसतो, आणि तिच्या वाट्याला तर त्यातलं काहीच आलं नाही. स्टीव्हन्स मोठा होता, आणि १८२१ साली त्याने एका आईला आणि तिच्या दोन मुलींना गुलामीत ठेवायला मदत केली. ही दोन्ही वाक्यं एकमेकांना न खोडता उभी राहू शकतात. त्याच्या चरित्रांत त्या खटल्याला मिळतो त्याहून बराच जास्त मजकूर मिळायला हवा, आणि त्यात पहिलं नाव चॅरिटी बटलरचं असायला हवं. न्यायनिवाड्यांच्या खंडात ते तसंच आहे.