सहीपुरती साक्षरता

मध्य रेल्वेच्या कसारा मार्गावर खर्डी आणि कसारा यांच्या मध्ये उंबरमाळी हे छोटेसे स्थानक लागते. तानसा आणि भातसा या जलाशयांतून मुंबईची तहान भागविणाऱ्या शहापूर तालुक्यातील हे गाव. या तालुक्यातील आणि शेजारच्या मुरबाडमधील जुनी कागदपत्रे, मग ती जमिनीची असोत, कर्जाची असोत वा हजेरीची, चाळली की तीन शब्द वारंवार भेटतात: 'निशाणी डावा अंगठा'. कारकुनाच्या वळणदार अक्षरात नाव, त्याखाली हे तीन शब्द आणि शेजारी शाईचा ठसा. हे शब्द मराठी माणसाच्या इतके परिचयाचे आहेत, की रमेश इंगळे उत्रादकर यांनी साक्षरता अभियानाच्या कारभारावरील आपल्या कादंबरीला तेच नाव दिले.

अंगठ्याच्या जागी सही यावी यासाठी याच परिसरात झालेला एक प्रयत्न देशभर गाजला. मुरबाड तालुक्यातील फांगणे गावात ८ मार्च २०१६ रोजी, महिला दिनी, 'आजीबाईंची शाळा' सुरू झाली. जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांची ही कल्पना. तिला मोतीराम गणपत दलाल चॅरिटेबल ट्रस्टचे साहाय्य लाभले. साठी ओलांडलेल्या, काही तर नव्वदीच्या घरातील आजीबाई गुलाबी नऊवारी नेसून, खांद्यावर दप्तर अडकवून दुपारी वर्गात येऊ लागल्या आणि गावातलीच एक सून त्यांना शिकवू लागली. गणवेशातील आजीबाईंची छायाचित्रे जगभर पोहोचली, हे खरे; मात्र त्या छायाचित्रांपेक्षा त्यांच्या बोलण्यातील एक गोष्ट अधिक महत्त्वाची होती. शाळेने काय दिले, या प्रश्नाला अनेकींचे उत्तर एकच असे: बँकेत आता अंगठा लावावा लागत नाही, सही करता येते.

या समाधानाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. बँकेच्या खिडकीपाशी शाईचे पॅड पुढे सरकविले जाणे आणि नंतर पदराला बोट पुसत बाहेर पडणे, यात जो ओशाळेपणा असतो तो लिहिता-वाचता येणाऱ्यास सहसा कळत नाही. परंतु सही म्हणजे नेमके काय, ती घडते कशी आणि ती केल्याने माणूस कशाला बांधला जातो, हे अंगठा सोडणाऱ्यास कोणी सांगत नाही.

प्रौढ वयात शिकलेली सही आरंभी लिहिली जात नाही, काढली जाते. रांगोळी काढावी तशी. नावातील अक्षरे सुटी करून ती गिरविली जातात, पुन:पुन्हा गिरवून हातात बसतात. अनेकींना पूर्ण वर्णमाला येण्याआधी स्वत:च्या नावाची तीन-चार अक्षरे येतात. तीच अक्षरे दुसऱ्या शब्दात दिसली तर ओळखू येतातच असे नाही. साक्षराची सही याच्या उलट वाटेने घडते. तो आधी लिहायला शिकतो, मग हजारदा घाईत नाव लिहितो आणि त्या घाईत अक्षरे झिजत जाऊन एक वळण उरते. देवनागरीत रोमन लिपीसारखी अक्षरे सलग जोडली जात नाहीत. त्यामुळे मराठी सहीची ओळख पुष्कळदा शिरोरेघेत असते: ती अक्षरागणिक दिली की शेवटी एका फटक्यात ओढली, कोठे सुरू झाली, शेवटच्या अक्षरापुढे किती धावली.

हस्ताक्षरतज्ज्ञ सही तपासताना अक्षरांच्या आकाराइतकेच किंबहुना अधिक लक्ष तिच्या गतीकडे देतात. लेखणीचा दाब कोठे वाढतो, रेघ कोठे थबकते, अखेरचा फराटा हलका सुटतो की अडखळून थांबतो, हे पाहिले जाते. बनावट सही सहसा संथ आणि कापरी असते, कारण ती करणारा आकार उतरवीत असतो. येथेच नवसाक्षराची अडचण सुरू होते. त्याची खरी सहीसुद्धा संथ आणि कापरीच असते. तिची नक्कल करणे सोपे आणि दोहोंतील फरक ओळखणे अवघड. त्यातच दोन सह्यांमध्ये अंतरही मोठे पडते. काही अंतर प्रत्येकाच्याच सहीत असते. किंबहुना दोन सह्या रेघेला रेघ जुळल्या तर त्यांपैकी एक छापून घेतली असावी, असा संशय घेतला जातो. पण बँकेतील नमुना सहीशी ताडताना हे अंतर किती चालते, हे समोरच्या कर्मचाऱ्यावर अवलंबून राहते.

त्या मानाने अंगठा पक्का. कायद्याच्या दृष्टीने तो सहीहून हलका नाही. १८९७च्या जनरल क्लॉजेस कायद्यात 'सही' या शब्दाच्या अर्थात, नाव लिहिता न येणाऱ्या व्यक्तीच्या बाबतीत, निशाणीचाही समावेश केलेला आहे. १९२५च्या भारतीय वारसा कायद्यानुसार मृत्युपत्रावर सही किंवा निशाणी, दोन्ही चालतात. दोन साक्षीदार मात्र हवेत. ठशाचा इतिहास तर सहीवरील अविश्वासातूनच सुरू होतो. बंगालमधील अधिकारी विल्यम हर्शेल यांनी १८५८ साली राज्यधर कोनाई या कंत्राटदाराकडून करारावर सहीखेरीज संपूर्ण पंजाचा ठसा घेतला. पुढे त्याने सही नाकारू नये, हा हेतू. त्याच प्रांतात, कलकत्त्यात, १८९७ साली अंगुलिमुद्रांची कचेरी स्थापन झाली. म्हणजे ज्या ठशाला आपण निरक्षरतेची खूण मानतो, तो प्रथम घेतला गेला तेव्हा सही नाकारणाऱ्यांवरचा उपाय होता.

महाराष्ट्रात त्याहून जुनी पद्धत निशाणीची होती. मराठेशाहीतील गावकीच्या कागदांवर पाटलाच्या नावापुढे 'निशाणी नांगर' असे. ज्याचा जो व्यवसाय त्याचे हत्यार ही त्याची सही. त्यात कमीपणा नव्हता. पाटील गावचा मुख्य, आणि त्याची निशाणी नांगरच. खुद्द राजपत्रांतही मजकूर कारकून लिहीत आणि अखेरीस मोर्तब उमटविले जाई. शिवाजी महाराजांच्या मोर्तबातील 'मर्यादेयं विराजते' या शब्दांचा अर्थच मुळी 'येथे मर्यादा आहे' असा. मजकूर येथे संपला, यापुढे कोणी काही जोडू नये, हे त्या शिक्क्याचे काम. सही कागदावर कोठे करावी याचे याहून चांगले उत्तर आजही देता येणार नाही.

आता मुख्य प्रश्नाकडे. अंगठा लावणाऱ्यास वाचता येत नाही, हे त्या ठशावरूनच उघड होते. म्हणून दस्ताच्या शेवटी 'वाचून दाखविला, समजावून सांगितला' असे लिहिण्याचा प्रघात पडला. पडदानशीन स्त्रियांच्या व्यवहारांबाबत न्यायालयांनी जे तत्त्व घालून दिले ते पुढे अशिक्षित व वृद्ध स्त्रियांनाही लागू केले गेले: दस्ताचा मजकूर तिला समजला होता, हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्या दस्ताचा लाभ घेणाऱ्यावर. सही करणाऱ्याच्या बाबतीत गृहीतक नेमके उलटे आहे. ग्रासिम इंडस्ट्रीज विरुद्ध अगरवाल स्टील या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली स्पष्ट केले, की सही करणाऱ्याने मजकूर वाचून व समजून सही केली असे मानले जाईल. बळजबरी किंवा फसवणूक झाली असेल तर ती त्याने दाखवावी.

सही येते पण वाचता येत नाही, अशी व्यक्ती या दोन तत्त्वांच्या मध्ये सापडते. कागदावर ती साक्षर दिसते. जनगणनेच्या व्याख्येनुसार मात्र सात वर्षे वा अधिक वयाची, कोणत्याही एका भाषेत समजून लिहू आणि वाचू शकणारी व्यक्तीच साक्षर. नुसती सही येणारी त्यात बसत नाही. ज्या वर्गात शिक्षण सहीपाशी थांबते, तेथे शिकणाऱ्याच्या हातून जुने संरक्षण सुटण्याची शक्यता असते आणि नवे आलेले नसते.

ठाणे जिल्ह्यात ही भीती केवळ तर्काची नाही. लग्नासाठी काढलेल्या कर्जापोटी वर्षानुवर्षे सावकाराकडे राबणाऱ्या 'लग्नगड्यां'चा हा मुलूख. त्या काळचे वास्तव गोदावरी परुळेकर यांनी 'जेव्हा माणूस जागा होतो'मध्ये नोंदविले आहे. आदिवासींच्या जमिनी अशाच व्यवहारांतून मोठ्या प्रमाणावर गेल्या, म्हणून १९७४ साली त्या परत मिळवून देणारा कायदा राज्याला करावा लागला आणि बिगर आदिवासींकडे होणाऱ्या हस्तांतरावर कडक बंधने आली. अलीकडे शहापूर तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला. त्याचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. रस्ता आला की जमिनीला भाव येतो, आणि भाव आला की सह्या घेणारेही येतात.

सही ठरविताना काही गोष्टी ध्यानात घेतलेल्या बऱ्या. शहरी वाचकांनाही त्या उपयोगी पडतील. घरातील वृद्धांना वा घरकामास येणाऱ्या बाईंना त्या समजावून सांगता येतील. सही कोणत्या लिपीत करावी याचे बंधन नाही. मराठीत केलेली सही बँकेला चालते. एक मात्र पाहावे, सर्व ठिकाणी ती एकाच लिपीत असावी. नवसाक्षराने आद्याक्षरांच्या गुंतवळ्यापेक्षा नाव आणि आडनाव सरळ लिहावे. अधिक अक्षरे म्हणजे तुलनेला अधिक आधार. सुरुवातीला जड वाटते, पण महिना-दोन महिने रोज दहा-वीस वेळा लिहिले की हात सैल होतो, आणि तेव्हाच नमुना सही द्यावी. पहिल्या आठवड्यातील सही नोंदविली तर पुढे तीच जुळत नाही. आधार कार्ड, पासबुक आणि सातबारा यांवर नाव एकच आहे का, हेही पाहावे. लग्नानंतर स्त्रीचे नाव बदलण्याच्या आपल्या रीतीमुळे माहेरच्या जमिनीवर एक नाव आणि बँकेत दुसरे असे सर्रास आढळते. अंगठ्याला नाव बदलल्याने फरक पडत नव्हता, सहीला पडतो.

अंगठ्यावर उघडलेल्या खात्यात सही आपोआप लागू होत नाही. बँकेत अर्ज देऊन, ओळख पटवून नवी नमुना सही नोंदवावी लागते. निरक्षर खातेदारास बँका सहसा धनादेश देत नाहीत. स्वत: पासबुक घेऊन आल्यावर पैसे मिळतात. सही नोंदविल्यावर धनादेशाची वाट मोकळी होते आणि तिच्याबरोबर कोऱ्या धनादेशावर सही मागणारेही भेटतात. सही मजकुराच्या लगेच खाली करावी, वर मोकळी जागा असल्यास तिरकी रेघ मारून ती बंद करावी, शेजारी तारीख घालावी. अनेक पानांचा कागद असेल तर प्रत्येक पानावर सही करावी.

गंमत अशी, की सही शिकून अंगठा सुटला असे होत नाही. २००१ सालच्या दुरुस्तीपासून दस्त नोंदणीच्या वेळी छायाचित्राबरोबर बोटांचे ठसे द्यावे लागतात. तेथे प्राध्यापक आणि शेतमजूर एकाच यंत्रावर बोट ठेवतात. रेशन दुकानातील यंत्रही अंगठाच मागते. मातीत आणि चुलीपाशी राबून बोटांच्या रेषा झिजलेल्यांचा ठसा ते यंत्र पुष्कळदा ओळखत नाही, आणि तेथे सही कितीही वळणदार असली तरी कामी येत नाही.

राहता राहिला तो वाचून दाखविण्याचा प्रश्न. 'मजकूर वाचून दाखविला, समजला' ही ओळ केवळ अंगठा लावणाऱ्यासाठीच लिहावी, असे कोठेही म्हटलेले नाही. सही येते पण मजकूर वाचता येत नाही, अशी व्यक्तीही ती ओळ दस्तात घालावयास सांगू शकते. ज्याने वाचून दाखविले त्याचे नाव आणि सही त्याखाली घ्यावी, आणि तो वाचणारा शक्यतो खरेदीदाराच्या बरोबर आलेला नसावा.