बरं वाटतं त्या दिवशी

आमवाताच्या रुग्णाला खरा धोका असतो तो बरं वाटतं त्या दिवशी. आठ-दहा दिवस बोटं सुजलेली, मूठ वळत नाही, कुकरचं झाकण निघत नाही; आणि एका सकाळी अंग मोकळं होतं. तुंबलेली सगळी कामं त्याच दिवशी डोळ्यांपुढे येतात. चादरी धुवायला निघतात, माळ्यावरचे डबे खाली येतात, राहून गेलेलं जेवणाचं आमंत्रणही दिलं जातं. दोन दिवसांत दुखणं पुन्हा उचल खातं आणि घरातले म्हणतात, ‘परवा तर चांगली होतीस!’

वयोमानाने गुडघे झिजतात, त्याहून हा आजार वेगळा. इथे शरीराची प्रतिकारयंत्रणाच सांध्यांच्या आतल्या अस्तरावर हल्ला करते. पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट स्त्रियांना तो होतो आणि बहुधा ऐन कर्त्या वयात गाठतो. पुणे जिल्ह्यातल्या भिगवण गावात डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांनी १९९६ पासून केलेल्या पाहणीत सुमारे अर्धा टक्का प्रौढांना आमवात आढळला. ऐकायला आकडा लहान वाटतो, पण हजार प्रौढांच्या गावात अशा पाच जणांची सकाळ रोज आखडलेल्या हातांनी उजाडते.

सकाळीच का? दाह वाढवणारी रसायनं, विशेषतः इंटरल्यूकिन-६, रात्री उशिरा वाढतात. त्यांना आवर घालणारं शरीराचं स्वतःचं कॉर्टिसोल पहाटे वाढतं खरं, पण या आजारात ते पुरं पडत नाही. म्हणून सांधे तासभर, कधी त्याहूनही जास्त वेळ धरलेले राहतात. हीच रसायनं मेंदूपर्यंत थकवा पोचवतात. फ्लू झाल्यावर जसं गळून जायला होतं, त्याच जातीचा हा थकवा. त्याला आळस म्हणणं अन्यायाचं आहे, आणि आपल्याकडे तो अन्याय सर्रास होतो.

विश्रांतीबद्दल वैद्यकानेही दोन्ही टोकं पाहिली आहेत. पूर्वी अशा रुग्णांना आठवडेच्या आठवडे खाटेवर निजवून ठेवत. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी अंथरुणाला खिळलेल्या एका तरुणीला कॉर्टिसोन हे स्टेरॉइड दिलं आणि आठवडाभराने ती गावात तीन तास खरेदी करून आली. १९५० चं नोबेल या कामाला मिळालं. पण औषध थांबवलं की दुखणं परतायचं आणि मोठ्या मात्रेचे दुष्परिणामही लवकरच दिसले. पडून राहण्याने स्नायू क्षीण होतात, सांधे अधिकच आखडतात, हेही पुढे स्पष्ट झालं.

म्हणून आता विश्रांती मोजून घ्यायची असते, औषधाच्या मात्रेसारखी. दुखणं उफाळलं की सुजलेल्या सांध्याला एक-दोन दिवस आराम द्यायचा, मनगटाला आधारपट्टी बांधायची. तरीही दिवसातून एक-दोनदा तो सांधा हलकेच, जमेल तेवढा फिरवायचा. सूज ओसरली की हालचाल हळूहळू वाढवायची. काम करून दोन तास उलटले तरी दुखणं नेहमीपेक्षा जास्तच असेल, तर ते काम झेपण्यापलीकडचं होतं, असा एक ढोबळ नियम आहे. मग पुढच्या वेळी कणीक मळायची ती निम्मी, किंवा दुसऱ्या कुणी. आणि दुखू लागायच्या आधीच हात थांबवायचा. बरं वाटत असताना हे फार अवघड जातं, कारण थांबण्याचं कारण कुणालाच दिसत नसतं, स्वतःलाही नाही.

ते दिसावं म्हणून एक साधी वही ठेवावी. सकाळी सांधे किती वेळ धरले होते, झोप कशी लागली, आदल्या दिवशी काय काम केलं, औषध चुकलं का, सर्दी-ताप होता का. काही आठवड्यांत आपल्या दुखण्याच्या खुणा कळू लागतात. कुणाला जागरण भोवतं, कुणाला गौरी-गणपतीची धावपळ, कुणाला घरातला ताण. काहींच्या बाबतीत गरोदरपणात दुखणं शांत होतं आणि बाळंतपणानंतर उसळतं.

पण वहीत बऱ्याचदा सापडतं ते चुकलेलं औषध, आणि तेही बरं वाटतं म्हणूनच बंद केलेलं. मेथोट्रेक्सेट हे आमवाताचं नेहमीचं औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. त्याचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि बंद केल्यावर दुखणंही लगेच परतत नाही, म्हणून फसगत होते. स्टेरॉइड तर अचानक थांबवणं जिवावर बेतू शकतं. विश्रांतीने औषधाची जागा भरून निघत नाही. उफाळे वारंवार येत असतील, तर वही घेऊन डॉक्टरांकडे जावं. औषध बदलायची वेळ झाली का, हे तिथेच ठरतं.

प्रत्येक सूज म्हणजे आमवाताचा उफाळा, असंही मानू नये. एकच सांधा अचानक लाल, गरम होऊन खूप दुखू लागला, सोबत ताप किंवा थंडी असली, तर सांध्यात जंतुसंसर्ग झालेला असू शकतो. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असताना ताप कधी कधी फारसा चढतही नाही. अशा वेळी आराम करून वाट बघू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावं.