देवमाशाचा घोटा

मित्रहो, मागच्या व्याख्यानानंतर एक शंका पुन्हा पुन्हा विचारली गेली. उत्क्रांतीच्या पुराव्यांची यादी दहावीच्या पुस्तकात असते: बाह्यरूपीय पुरावे, अवशेषांगे, जीवाश्म, जोडणारे दुवे. पण एकेक पुरावा सुटा घेतला की 'असेल योगायोग' म्हणून तो झटकता येतो, नाही का? शंका रास्त आहे. म्हणून आज यादी बाजूला ठेवू आणि एकच प्राणी घेऊ, देवमासा.

आपल्या भाषेनं त्याला नावातच मासा करून टाकलं आहे. पाण्यात राहतो, पर आहेत, शेपूट आहे, मग मासाच की! पण तो फुप्फुसांनी श्वास घेतो, पिलांना दूध पाजतो. हे ॲरिस्टॉटललाही ठाऊक होतं. लिनियसनं 1758 साली त्याला माशांतून काढून सस्तन प्राण्यांत बसवलं. लोकांना मात्र ते पटायला वेळ लागला. 1818 साली न्यूयॉर्कमध्ये एक खटला झाला. माशाच्या तेलाची सरकारी तपासणी सक्तीची होती. देवमाशाचं तेल हे माशाचं तेल धरायचं की नाही, एवढाच वाद. ज्यूरीनं निकाल दिला की देवमासा हा मासाच.

शेपटीकडे नीट पाहिलं तरी फरक कळतो. मासा शेपूट डावीकडे-उजवीकडे हलवतो, देवमासा वर-खाली. धावणाऱ्या कुत्र्याचा कणा पाहा, तोही वर-खालीच वाकतो. म्हणजे देवमासा पोहतो खरा, पण चौपायाच्या कण्यानं.

सस्तन आहे हे मान्य. पण सस्तनांपैकी कुणाचा नातलग? इथे खरी गंमत सुरू होते, कारण शास्त्रज्ञांचंच यावर जुंपलं होतं. डार्विननं 1859 च्या पहिल्या आवृत्तीत, पाण्यात तोंड उघडून किडे पकडणाऱ्या अस्वलापासून देवमाशासारखा प्राणी घडू शकेल, अशी कल्पना मांडली. तिची एवढी टिंगल झाली की पुढच्या आवृत्तीत त्यानं ती छाटली. विसाव्या शतकात जीवाश्मवाले म्हणू लागले की प्राचीन देवमाशांचे दात मेसोनिकिड नावाच्या नामशेष मांसाहारी प्राण्यांसारखे आहेत, तेच त्याचे पूर्वज. तिकडे रेणूंचा अभ्यास करणारे म्हणत होते, छे, देवमासा समखुरी प्राण्यांत, म्हणजे गाय, डुक्कर, उंट यांच्या कुळात येतो. आणि त्यातही सगळ्यात जवळचा पाणघोडा.

रेणूवाल्यांचा आधार काय होता? डीएनएमध्ये काही छोटे तुकडे स्वतःची नक्कल करून दुसरीकडे कुठेतरी घुसतात. एकदा घुसले की सहसा तिथेच राहतात आणि वंशजांकडे जातात. जुन्या पोथ्यांच्या नकला आठवा. दोन पोथ्यांत एकाच ओवीत, एकाच जागी तीच विचित्र चूक सापडली, तर आपण काय म्हणतो? दोन्ही एकाच मूळ प्रतीवरून उतरवल्या आहेत. जपानमध्ये नोरिहिरो ओकादा यांच्या गटाला 1990 च्या दशकात देवमासा आणि पाणघोडा यांच्यात नेमक्या अशा समान जागी घुसलेले तुकडे सापडले.

आता पाहा, वाद कसा तपासता येतो ते. समखुरी प्राण्यांच्या घोट्यात एक खास हाड असतं, दोन्ही टोकांना कप्पीसारखी खाच असलेलं. गाय, बकरी, डुक्कर, उंट, सगळ्यांत ते आहे, मेसोनिकिडांत नाही. आजच्या देवमाशाला मागचे पायच नाहीत, त्यामुळे घोटा शोधणार कुठे? ज्या काळी त्याला पाय होते, त्या काळच्या खडकांत. आणि तिथे दुहेरी कप्पी सापडली नसती, तर रेणूवाल्यांची मोठी पंचाईत झाली असती. 2001 च्या सप्टेंबरमध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी पाकिस्तानातल्या प्राचीन देवमाशांचे घोटे प्रसिद्ध केले. दोन्हीकडे दुहेरी कप्पी! त्यातल्या एका गटाचे प्रमुख फिलिप गिंगरिच स्वतः मेसोनिकिडांच्या बाजूचे होते. हाड हातात आल्यावर त्यांनी मत बदललं. आम्हाला या सगळ्या कथेत हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

हे जीवाश्म आपल्या शेजारीच का मिळतात? कारण पाच कोटी वर्षांपूर्वी भारताचा भूखंड आशियाकडे सरकत होता आणि मध्ये टेथिस नावाचा उथळ समुद्र होता. आपल्या कच्छमध्ये अशोक साहनी आणि विजय मिश्रा यांनी 1970 च्या दशकात जुने देवमासे शोधले. जम्मूमधल्या कालाकोट इथून ए. रंगा राव या भूवैज्ञानिकांनी गोळा केलेले दगड त्यांच्या मागे बरीच वर्षं पडून होते. त्यांच्या पत्नीने ते हान्स थेविसन यांच्याकडे सोपवले. साफ करताना एक कवटी चुकून फुटली आणि आत कानाचं हाड दिसलं: एका बाजूनं जाड, जसं फक्त देवमाशांत असतं. हा प्राणी म्हणजे इंडोह्यूस. मांजराएवढा, हरणासारख्या बारीक पायांचा. त्याच्या हाडांची भिंत जड होती, पाण्यात चालणाऱ्या प्राण्यांत असते तशी.

कुणी म्हणेल, सापडला जोडणारा दुवा! थांबा. पाकिसेटस हा सर्वांत जुन्या देवमाशांपैकी एक, सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीचा. इंडोह्यूसचे हे जीवाश्म त्याहून थोडे अलीकडचे. म्हणजे इंडोह्यूस हा देवमाशाचा आजा नाही, चुलत घराण्यातला आहे. 'दुवा' या शब्दानं साखळी डोळ्यांसमोर येते, प्रत्यक्षात आहे झाड. वर्गीकरण म्हणजे त्या झाडाच्या फांद्यांना दिलेली नावं. म्हणूनच आता अनेक अभ्यासक देवमाशाला समखुरी गणातच धरतात, खूर नसले तरी.

आणि पाणघोडा? देवमासा त्याच्यापासून झाला, असं नाही. दोघांचा पूर्वज एक, पाच कोटींहून अधिक वर्षांपूर्वीचा. पण पाणघोड्याच्या ओळखीच्या कुळाचे जीवाश्म त्या मानानं फार अलीकडचे आहेत. मधला तो लांब काळ त्याचे पूर्वज कोणत्या रूपात होते, याचा शोध आता मुख्यतः आफ्रिकेच्या खडकांत चालू आहे.