गॅस

पदार्थाची वायुरूप अवस्था दर्शविणारी शास्त्रीय संज्ञा. व्यवहारात तिला इतरही अनेक अर्थ प्राप्त झाले आहेत. फ्लेमिश रसायनशास्त्रज्ञ यान बाप्टिस्टा व्हान हेल्माँट (१५८०–१६४४) यांनी ‘केऑस’ या ग्रीक शब्दावरून ती घडविली. लोणारी कोळसा जळताना व द्राक्षरस आंबताना निघणारा वायू एकच होय, हे त्यांनी ओळखले होते. त्यांचे ग्रंथलेखन १६४८ मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झाले.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये दगडी कोळशापासून मिळविलेल्या वायूवर रस्त्यांतील दिवे जळू लागले आणि ‘इंधनवायू’ हा अर्थ रूढ झाला. अमेरिकेत हा शब्द ‘गॅसोलीन’चे संक्षिप्त रूप असून त्याचा अर्थ पेट्रोल, म्हणजे एक द्रव, असा होतो. दंतवैद्यकात त्याने नायट्रस ऑक्साइड हे बधिरक, तर युद्धशास्त्रात विषारी द्रव्य सूचित होते. त्यांपैकी ‘मस्टर्ड गॅस’ सामान्य तापमानास द्रवरूपच असतो.

मराठीत स्वयंपाकाचे इंधन, त्याची शेगडी व पोटातील वात या तिहींना ‘गॅस’ म्हणतात. इंधनाच्या बाबतीत मात्र नामसाम्य फसवे ठरू शकते. सिलिंडरमधील प्रोपेन व ब्यूटेन यांचे मिश्रण हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास जमिनीलगत साचते. नळाने येणारा नैसर्गिक वायू मुख्यत्वे मिथेन असून हवेपेक्षा हलका असल्याने वर जातो. म्हणून गळतीदर्शक उपकरण पहिल्यासाठी जमिनीलगत, तर दुसऱ्यासाठी छताजवळ बसवितात.